पित्त कुठं असतं

बाबांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेबाहेरच्या जिन्यात डबा धुऊन उभी होते. बाबा नेहमी संध्याकाळी फोन करतात. दुपारी कधीच नाही. म्हणून उचलल्या उचलल्या मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही वो बाई. सकाळपासून छातीत जळजळ होऊन राहिली. पित्त झालं वाटते."

मी हसले.

हसण्याचं कारण सांगायला हवं. पुण्यातल्या त्या संस्थेत माझं पाचवं वर्ष चालू होतं आणि माझा विषयच पित्त होता. आमच्या गावात, भंडाऱ्यापलीकडच्या कारध्याच्या पुढे, पित्त या एका शब्दात खूप काही मावतं: आंबट ढेकर, उन्हानं दुखणारं डोकं, अंगावर उठणाऱ्या गांधी. प्रयोगशाळेतलं पित्त वेगळं. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं, ती आतड्यात उतरून तेलतूप पचवतात आणि बहुतेक सगळी परत यकृताकडे जातात. थोडी मात्र रक्तात निसटतात आणि अंगभर पेशींना निरोप देत फिरतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतही तो निरोप ऐकणाऱ्या पेशी असतात. एका तऱ्हेचा निरोप पोहोचला तर भिंतीतली सूज उतरते, चरबीचा थर कमी साचतो. निदान उंदरांत तरी. दुसऱ्या एका निरोपाबद्दल उंदरांचंही एकमत नाही. मी त्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांचे पातळ काप करायची, त्यातली चरबी लाल रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल भाग मोजायची. दिवसचे दिवस कुणाशी चार वाक्यं बोलणं व्हायचं नाही.

त्यामुळे बाबा पित्त म्हणाले आणि मला चेव आला.

"बाबा, ते पित्त नाही. पित्त खाली असतं, यकृतात आणि आतड्यात. छातीत जळजळतं ते पोटातलं आम्ल." शिकवायला लागले की माझी भाषा पुण्याची होते. मी पाच-सात मिनिटं बोलले. बाबा "हो, हो" म्हणत राहिले. मग म्हणाले, "जबडाबी दुखून राहिला थोडा."

त्यांची एक दाढ किडली होती. दोन वर्षं मी दवाखान्यात जा म्हणून मागे लागले होते. "दाढ काढून घ्या आता," मी म्हटलं. "भंडाऱ्याला जायला लागतं किती? नदी ओलांडली की झालं. आणि ती जळजळीची गोळी घ्या."

"घेतो," ते म्हणाले. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूचा फोन आला. आई गेल्यापासून बाबा एकटेच राहायचे. ही काकूच काय ते रोज सकाळी कुंपणावरून हाक मारायची. त्या दिवशी ओ आली नाही म्हणून ती आत गेली, तर बाबा घरापुढच्या छपरीत भिंतीला टेकून घामानं भिजलेले. "बाबाले भंडाऱ्याले आणलं ऑटोत," ती रडत होती. "डॉक्टर म्हणते अटॅक हाय. नागपूरले नेऊन राहिले. तू निंग, बाई, लवकर निंग."

जळजळ आणि जबडा. हे दोन शब्द मी किती पुस्तकांत हृदयविकाराच्या लक्षणांत एका ओळीत वाचले होते. पुणे ते नागपूर अख्ख्या प्रवासात मी ती ओळ आठवत होते, आणि डब्यात शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा विचारूनही मला काय झालंय ते सांगता आलं नाही.

मी पोहोचले तोवर स्टेंट टाकून झाला होता. डॉक्टरांनी मला पडद्यावर आधीचं चित्रण दाखवलं. धडधडणाऱ्या हृदयावर रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेषा, आणि त्यातली एक मध्येच तुटल्यासारखी. शेकडो काप पाहिले होते मी. ते सगळे मेलेल्या उंदरांचे, काचेवर चिकटवलेले. जिवंत माणसाची धमनी हलताना मी पहिल्यांदा पाहत होते आणि ती बाबांची होती. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला. पण उशीर झाला. स्नायूचा काही भाग गेलाय." मी मान हलवली. मी याच विषयात काम करते हे त्यांना सांगितलं नाही.

तीन महिने रजा घेऊन मी गावी राहिले. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. आमच्या शेताच्या बांध्या यंदा चुलतभावाकडे कसायला दिल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी बिनमिठाचं वरण करायची, बाबा न कुरकुरता जेवायचे. गोळ्या द्यायची, रक्तदाब पाहायची. बाकी बोलायला काही सुचायचं नाही. घर सोडून मला बारा वर्षं झाली होती. बाबांना काय आवडतं हे मला काकूला विचारावं लागायचं.

एका सकाळी छपरीत बसलो असताना बाबाच म्हणाले, "तू तिकडे काय करते ते मले एकदा नीट सांग."

मी सांगितलं. या वेळी सावकाश. यकृत, आतडं, रक्त, निरोप, भिंत. एखाद्या नव्या वाणाबद्दल ऐकावं तसं ते ऐकत होते.

"मंग मले जे झालं त्यात पित्ताचा हात होता का नव्हता?"

"माहीत नाही, बाबा. माणसांत ते कसं चालतं ते अजून नीट कळलेलं नाही."

"पाच वर्षं झाली ना तुले?"

"हो."

"असू दे. धानावर करपा येते, तो एका बांधीत येते अन् बाजूच्या बांधीत काहून येत नाही, हे मलेबी सांगता येत नाही."

तेव्हा मी ते बोलले. दीड महिना गिळून ठेवलं होतं. "त्या दिवशी मी हसले, बाबा. ऐकून घ्यायचं सोडून शिकवत बसले."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू लय दिवसानं हसली होती फोनवर," ते म्हणाले. "मले बरं वाटलं. म्हणून बाकीचं सांगतलं नाही."

"बाकीचं काय?"

"पंधरा दिवसांपासून शेताच्या धुऱ्यावर चढताना छातीत दुखे. बसलो का थांबे."

मी उठून आत गेले आणि स्वयंपाकघरात गॅसजवळ उगाच उभी राहिले.

रजा संपली, मी परतले. तेच काप, तोच लाल रंग. प्रयोगशाळेत सगळ्यांनी बाबांची चौकशी केली आणि आठवड्याभरात ती थांबली. आता मी रोज फोन करते. बाबा नाडीचे ठोके सांगतात, पायावर सूज नाही सांगतात, मग "ठेवू?" म्हणतात. पूर्वी ते तलावात पाणी किती आलं, कुणाची गाय व्याली, ते सांगायचे. मी विचारलं तर म्हणतात, "सारं ठीक हाय."

गेल्या दिवाळीत गेले तेव्हा त्यांना कारध्याच्या जुन्या पुलावर फिरायला जायचं होतं. ते पुढे, मी मागे. थोडं चालले की ते कठड्याला हात टेकून नदीकडे पाहत थांबायचे. वैनगंगेत त्या दिवशी पाहण्यासारखं काहीच नव्हतं. ते दम घेत होते, आणि मला ते कळू नये असं त्यांना वाटत होतं. मी दहा पावलं मागेच थांबले आणि मीही पाण्याकडे पाहत राहिले, ते पुन्हा चालू लागेपर्यंत.