शिशाची गोळी आणि चाचांचं नख

चाचांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्यावर अंगठ्याचं नख मारून बघायचे. यंत्रातला पितळेचा बुश असो, नव्या बुटाचा तळवा असो, की मी वसईहून आणलेली सुकेळी असोत. "नखाला विचारलं, मग झालं," असं म्हणून वस्तू पसंत किंवा नापसंत करायचे. माझ्या लग्नाच्या अंगठीवरसुद्धा त्यांनी नख मारलं होतं आणि माझ्या नवऱ्याला पास केलं होतं.

आखातातल्या मुहर्रकच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी सगळ्यांच्या लीव्हचे आणि व्हिसाचे कागद सांभाळते, तिथे ते एकतीस वर्षं टर्नर होते. मूळचे रत्नागिरीकडचे. लेथवर उभे असले की कुणाशी बोलायचे नाहीत आणि चहाला बसले की कुणाला बोलू द्यायचे नाहीत. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. तो रजेवर गेला की चहा नेहमीचाच असतो, पण घशाखाली उतरत नाही.

आमचं एक गिऱ्हाईक होतं, बोटींचे पंप दुरुस्त करून घेणारा एक अमेरिकन इंजिनियर. सप्टेंबरात एकदा तो शाफ्टची वाट बघत आमच्यात चहाला बसला होता आणि मोबाइलवर काहीतरी निवडत होता. त्याचे वडील एक्याऐंशी वर्षांचे. दर हिवाळ्याच्या तोंडावर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात, तेही जुन्या पद्धतीच्या बंदुकीने. तिच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग गजाने गोळी आत ढकलायची. एक बार काढला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. यंदाचा मोसम शेवटचा, असं म्हाताऱ्याने जाहीर केलं होतं. म्हणून मुलाला त्यांना चांगल्या गोळ्या भेट द्यायच्या होत्या. शिशाच्या, पुढे निमुळत्या. एक लांब नाकाची आणि वजनदार, एक आखूड आणि बोथट. यातली कुठली घेऊ, असं त्याने आम्हाला गमतीने विचारलं.

"ठासणीची बंदूक?" चाचांनी कप खाली ठेवला. मोबाइल ओढून घेतला आणि फोटोतल्या गोळीवर नख मारलं. फोटो मोठा झाला. आम्ही हसलो, ते मात्र हसले नाहीत. कुठली घ्यायची ते मी सांगतो, म्हणाले.

मला ते काही आवडलं नव्हतं. इंजिनियर गेल्यावर मी स्पष्टच म्हटलं, की चाचा, बिचाऱ्या हरणाला मारायला तुम्ही कशाला मदत करता? तेव्हा त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या बाबांकडे लायसनची ठासणीची बंदूक होती, भातात शिरणाऱ्या डुकरांसाठी. गोळ्या ओतायचं काम अठरा वर्षांच्या चाचांचं. एकदा शिसं कमी पडलं, म्हणून त्यांनी छापखान्यातले अक्षरांचे जुने खिळे त्यात वितळवले. गोळ्या चकचकीत आणि कडक झाल्या, चाचा खूश. तिन्हीसांजेला बांधापलीकडे काहीतरी हाललं, बाबांनी बार काढला. ते डुक्कर नव्हतं, भेकर होतं. कडक गोळी पसरली नाही, नुसती आरपार गेली आणि भेकर पळालं. बापलेकांनी दोन दिवस रक्ताचा माग काढला. भेकर सापडलं नाही. बाबांनी बंदूक पुन्हा हातात घेतली नाही.

"त्या गोळीवर नख मारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. नख उठलंच नसतं," चाचा म्हणाले. "ते किती पावलं गेलं असेल गो बाय? मी अजून मोजतोय. त्या म्हाताऱ्याचं शेवटचं जनावर तसं नको जायला."

त्यानंतर मी चहाच्या वेळी म्हाताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून देण्याचं काम पत्करलं. आमचे दुपारचे चार म्हणजे म्हाताऱ्याची सकाळ. मुलाने मागवलेल्या दोन्ही प्रकारच्या गोळ्या त्याच्याकडे पोचल्या होत्या. आधी नख. म्हाताऱ्याने आपलं जाडजूड नख गोळीवर ओढलं आणि चरा कॅमेऱ्यासमोर धरला. मऊ शिसं. दोघंही शाळेत पहिला नंबर आल्यासारखे हसले.

मग चाचांनी बंदुकीच्या नळीबद्दल जे विचारलं, ते ऐकून शेजारी बसलेला इंजिनियरसुद्धा सावरून बसला. चाचांनी जन्मात अशी नळी पाहिली नव्हती. त्यांच्या बाबांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती, हिच्यात आतून पीळ होता. पण पीळ म्हणजे आटे, आणि आटे पाडण्यात त्यांची हयात गेली होती. रिकाम्या नळीत चिंधी गुंडाळलेला गज घाला, गजावर खूण करा, गज आत जाताना खूण किती फिरते ते बघा, असं त्यांनी सांगितलं. चोवीस इंचांत अर्धा फेरा भरला.

"सुस्त आटा," चाचा म्हणाले. "उंच भोवरा हळू फिरवला तर डोलतो ना? लांब गोळी डोलणार." आणि कॅमेऱ्याकडे वळून, अर्ध्या अरबी अर्ध्या इंग्रजीत, "सर, लाँग वन मफी गुड. शॉर्ट वन, इंशाल्ला."

इंजिनियरला लांब गोळी आवडली होती. निम्मं वर्कशॉप त्याच्या बाजूने होतं, कारण ती दिसायला रुबाबदार. पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याने पन्नास यार्डांवर कागद लावला आणि चहाच्या टेबलाभोवती उभं राहायला जागा उरली नाही. लांब गोळीचे तीन बार झाले. एक कागदाला लागलाच नाही, दोन भोकं चपटी, लांबोडकी. गोळी खरोखरच डोलत, आडवी होऊन लागली होती. मग आखूड गोळीचे तीन. म्हाताऱ्याने कागद आणून कॅमेऱ्यासमोर धरला. तीन गोल भोकं, चहाच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ. वर्कशॉपमध्ये असा गलका झाला की शेजारचा गॅरेजवाला धावत आला. मी टाळ्या वाजवत होते, मी, जिला हरणाची दया येत होती. चाचांनी तेवढी टाळी वाजवली नाही. कागद म्हणजे खरी परीक्षा नाही, म्हणाले.

शिकारीचा मोसम नोव्हेंबरात. चाचांचा व्हिसा ऑक्टोबरात संपला. वय झालं होतं, पुन्हा मिळणार नव्हता. त्यांचे कागद मीच केले आणि एअरपोर्टवरही मीच सोडलं. निघताना त्यांनी माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर नख मारलं आणि म्हणाले, "बाय, बाकी काही नको. किती पावलं, तेवढं विचार."

नोव्हेंबरच्या शेवटी इंजिनियर वर्कशॉपमध्ये आला तो थेट लेथकडे गेला. तिथे दुसराच माणूस बघून माझ्याकडे आला. त्याने सगळं सांगितलं आणि मी त्याच्यासमोरच गावी फोन लावला.

"अकरा पावलं, चाचा," मी म्हटलं. "म्हाताऱ्याने स्वतः मोजली. अकराव्याला पडलं, मग हाललं नाही."

पलीकडून वाळक्या पाल्यावरून चालल्याचा आवाज आला आणि चाचांचा हळू आवाज, एक, दोन, तीन. आपल्या अंगणात ते पावलं टाकत होते. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले. नऊ, दहा, अकरा. ते थांबले.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, चाचा."

"खलास," ते म्हणाले. मग ते आणखी चालले नाहीत.