लोधिवलीचं पंपघर आणि धोंडूचा दोर

पंपघरातल्या गोष्टी जेवताना काढायच्या नाहीत, असा आमच्या घरचा दंडक. आणि घरी असायचो तो जेवण्यापुरताच! मग किस्से साठणार नाहीत तर काय?

लढाईच्या दिवसांत लोधिवलीजवळ सखल जागेत एक छावणी पडली होती. तिथलं सगळं मैलापाणी उताराने एका विहिरीत यायचं आणि तेलाच्या इंजिनावरचा पंप ते वरच्या माळावरच्या टाक्यांत चढवायचा. पंप थांबला की विहीर तुंबून घाण ओढ्यात, आणि ओढ्याचं पाणी खालचं अख्खं गाव प्यायचं. इंजिनावर हसनमामा होते आणि त्यांच्या हाताखाली मी.

एकदा गावातले एक म्हातारबा आले. "एवढं पानी वर चढवताय, आमच्या खाचराला सोडा की!"

हसनमामा हसले. "बाबा, आधी वास तर घ्या."

म्हातारबांनी विहिरीशी वाकून वास घेतला. "सोडाच! असलं खत भाताला कुटं मिळतंय?"

*

तपासणीला एक साहेब यायचे. नाकाला रुमाल लावून दारातूनच वहीत 'सर्व ठीक' लिहायचे.

"आत तरी या, साहेब," मामा म्हणाले.

"कशाला? बिघाड असता तर इथवर वास आला असता!"

"मग रुमाल कशाला लावलाय?"

साहेबांनी रुमाल खिशात घातला आणि तसेच निघून गेले.

*

विहिरीच्या तळाशी पंपाची जाळी होती. तिच्यात चिंध्या अडकल्या की इंजिन बंद करायचं आणि धोंडूने खाली उतरायचं. धोंडू आमचा सफाईवाला, हडकुळा आणि अबोल. तो उतरण्याआधी मामा पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर खाली विषारी हवा आहे, उतरायचं नाही.

एकदा कंदील विझला. छावणीचा कारकून घाईला आला होता. म्हणाला, "परत पेटवा आणि उतरवा त्याला!"

मामा म्हणाले, "कंदील परत पेटंल रं. धोंडू कशानं पेटवशील?"

त्या दिवशी विहीर वाऱ्यावर उघडी ठेवली आणि दुपारनंतरच धोंडू उतरला.

*

धोंडूच्या कमरेला दोर असायचा आणि वरचं टोक मामांच्या हातात. खाली त्याला घेरी आली तर ओढून काढायला तेवढाच आधार. पुढे मामा हिवतापाने महिनाभर अंथरुणाला खिळले आणि दोर माझ्याकडे आला.

दोर घाणीने भिजलेला असायचा. तो धरला की घरचे मला बाहेर आंघोळ घालून मगच उंबरा ओलांडू द्यायचे. मी दोर खांबाला बांधायला लागलो. आज तेल घालायचंय, उद्या वॉल्व्ह बघायचाय, रोज नवी सबब! लाज आजही वाटते.

धोंडू एकदाच बोलला. "खांब बरा हाय, भाऊ. त्याला आंगोळ लागत नाय."

*

हे त्याच्या बायकोच्या, सुंद्राच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी जाळी तुंबली तेव्हा ती येऊन खांबाशी उभी राहिली. कंदील नीट जळला आणि धोंडू उतरला. तिने खांबाची गाठ सोडली आणि दोर हातात घेतला. मी तेलाची बुधली उचलली.

इतक्यात छावणीचे इंजिनिअर साहेब आले; ते रुमालवाले नव्हेत, दुसरे. "ही बाई इथं कशी? पंपघरात बायकांना बंदी आहे. बाहेर हो!"

सुंद्राने मान वळवली नाही. "जाते. मंग दोर तुमी धरा. मानूस खाली हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तेलाची बुधली होती.

त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली, बाह्या वर केल्या आणि तिच्या मागे उभं राहून दोर धरला.

"असा नाय, सायेब," सुंद्रा म्हणाली. "हाताला येक येढा घ्या."

साहेबांनी वेढा घेतला.