छातीवरचा पांढरा पट्टा

शनिवार जवळ आला की आमच्या शेल्टरच्या फोनवर एक चौकशी हमखास येते. "काळा कुत्रा आहे का? पूर्ण काळा?" तो प्रश्न ऐकला की आजही माझं डोकं फिरतं.

शिवडीला गोदामांच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही रस्त्यावरची आजारी, जखमी कुत्री ठेवतो. मी दर रविवारी लालबागहून जाते. पिंजरे धुते, औषधं देते आणि कुणी कुत्रा दत्तक मागितला तर त्यांचं घर बघून येते. काळ्या कुत्र्यांना सहसा कुणी नेत नाही. फोटोत ती धड दिसत नाहीत, शिवाय लोकांना ती घरात अशुभ वाटतात. त्यामुळे परळच्या टॉवरमधल्या एका गृहस्थांनी लूत भरलेला, केस झडलेला आमचा काळा कुत्रा पसंत केला, तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

घर बघायला गेले तर त्यांची बायको विचारत होती, मलम कितीदा लावायचं, भाकरी चालेल का, फटाक्यांना घाबरतो का. गृहस्थांनी एवढंच विचारलं, "पूर्ण काळाच आहे ना?" मी मनात म्हटलं, असते एकेकाची आवड.

गणपती झाले आणि एका रविवारी दोघं त्याला घेऊन शेडच्या दारात उभी. कुत्रा मला ओळखूच आला नाही. अंग भरलं होतं, केस तुकतुकीत झाले होते. छातीवर जिथे लूत होती, तिथे मात्र नवे केस पांढरे आले होते, चांगला बोटभर रुंद पट्टा.

गृहस्थांनी त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "हे बघा. आमचे गुरुजी म्हणतात, असा मिक्स कलर शनीला चालत नाही. दुसरा द्या."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना साडेसाती होती आणि ज्योतिषाने काळा कुत्रा पाळायला सांगितलं होतं. शनिवारी तेल लावलेली भाकरी तेवढी हे घालणार, बाकी मलम, आंघोळ, फिरवणं सगळं बायकोने करायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साडी आहे का ही, डाग निघाला म्हणून बदलून द्यायला?" मी म्हणाले. "मग हिंदमात्याच्या साड्यांच्या दुकानात जायचं होतं."

"मॅडम, चिडताय कशाला? नको झाला तर रस्त्यावर सोडू नका, इथे आणून द्या, असं तुम्हीच सांगितलं होतं. मी रूल फॉलो करतोय."

नियम आमचाच होता, म्हणून जास्त झोंबलं. मुकं जनावर रस्त्यावर मरू नये म्हणून केलेला नियम हा माणूस मलाच दुकानाच्या पावतीसारखा दाखवत होता. मी सांगितलं, दुसरा काळा नाही. होता. मागच्याच पिंजऱ्यात नखशिखांत काळा एक बसला होता आणि मी बोलता बोलता त्याच्यासमोर उभी राहिले. या खोट्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

बायकोने सगळा वेळ मान खाली घातली होती. शेवटी तिने त्याच्या गळ्यातला पट्टा काढून घेतला आणि नवऱ्यामागून निघून गेली. खरं सांगायचं तर मला त्याच्यापेक्षा तिचाच राग जास्त आला. इतका जीव लावून वाढवलं आणि तोंडातून शब्द नाही!

कुत्रा फाटकापाशी बसून राहिला. शेडवर काम करणाऱ्या मुली फोनवर सांगत होत्या, ताटलीला तोंड लावत नाही, कुणी जवळ गेलं तर वास घेतो आणि पुन्हा रस्त्याकडे बघतो. त्या आठवड्यात तो दिसेल इतका वाळला.

पुढच्या रविवारी त्या गृहस्थांची बायको एकटीच आली, हातात कापडी पिशवी घेऊन. मला वाटलं, राहिलेलं सामान टाकायला आली असेल.

"ठेवा तिकडे कोपऱ्यात," मी तिच्याकडे न बघता म्हणाले.

"ठेवायला नाही आले. त्याला न्यायला आलेय."

"आणि तुमचे मिस्टर? त्यांची साडेसाती?"

"ती त्यांची आहे," ती म्हणाली. "कुत्रा माझा आहे. घरी सांगूनच आलेय तसं."

तोवर तो तिच्या पायांशी येऊन लोळत होता. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली, पिशवीतून भाकरी काढली आणि तुकडे करून त्याला भरवू लागली. भाकरीला तेल नव्हतं.