झाकण उघडून घेतलेलं जपानी

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची. अंधेरीच्या एका कारखान्यात आम्ही चाळीस बायका दिवसभर एकच काम करायचो. खिशात मावेल एवढ्या कॅसेट प्लेअरच्या पोटातल्या केसासारख्या तारा भिंगाखाली धरून सोल्डर करायच्या. माल सगळा परदेशी जायचा. गेटवर आमचे डबेसुद्धा उघडून बघायचे, न जाणो एखादा प्लेअर भेंडीच्या भाजीखालून देशात राहून जाईल.

सात वर्षं भिंगात बघून माझे डोळे गेले होते. म्हणजे माणसं दिसायची, तारा दिसेनात. कंपनीचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे, आणि नापास झालेली बाई घरी. मागच्या खेपेला माझ्या पुढची बाई जी अक्षरं वाचत होती ती मी ऐकून पाठ केली आणि धडाधडा म्हणून दाखवली. डॉक्टर म्हणाले, उत्तम. पण ही युक्ती दर वेळी कशी चालणार?

तेवढ्यात नोटीस लागली. जपानहून एक साहेब काम शिकवायला येणार, तीन महिन्यांत जी बाई जपानी शिकेल तिला भिंगावरून उठवून दुभाषी म्हणून साहेबांच्या शेजारी उभं करणार. जपानी शिकवणार कोण, ते नोटिशीत नव्हतं. मी नववी पास. तरी ठरवलं, शिकायचं. माझा भाऊ पवईला इंजिनीअरांच्या कॉलेजात कँटीनला होता. त्यानं तिथल्या एका मुलाकडून जपानी धड्यांच्या तीन कॅसेट भरून आणल्या. आता त्या ऐकायच्या कशावर? अंधेरीहून घाटकोपरला बसनं यायला मला तासभर लागायचा, तोच काय तो माझा मोकळा वेळ. म्हणजे हातात धरून ऐकता येईल असंच काहीतरी हवं.

धाकटे दीर मस्कतला होते, दोन आठवड्यांनी पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येणार होते. त्यांना पत्र लिहायला घरात बैठक बसली. आमचे हे म्हणाले, रेडिओ पाहिजे, क्रिकेट ऐकता येईल. सासूबाईंना भजनासाठी मोठा आवाज हवा होता. शेजारचे बँकेतले भाऊ न बोलावता आले आणि म्हणाले, आता टेपचा जमाना गेला वहिनी, भाषांतराचं मशीन निघालंय, बटण दाबलं की जपानी. त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं, पण टाय लावून सांगितल्यामुळे सगळ्यांना पटलं. मी म्हटलं, मला एकच वाक्य चाळीसदा ऐकता आलं पाहिजे, बाकी काही नको. माझं म्हणणं पत्रात ताजा कलम म्हणून गेलं, आणि तेही जागा उरली म्हणून.

आलं ते भाषांतराचं मशीन. कॅल्क्युलेटरसारखं, चकचकीत, दाबलं की टुंई करायचं. चाळीतला सगळा मजला बघायला जमला. मी इंग्रजी अक्षरं जुळवत ‘सोल्डर’ शोधलं, नव्हतं. ‘वायर’ नव्हतं. ‘माझी बॅग हरवली’ होतं, ‘हॉटेल कुठे आहे’ होतं, ‘बिल आणा’ होतं. घाटकोपरची बाई जपानला जाऊन बॅग हरवणार, अशी त्या मशीनची ठाम समजूत होती. आणि बोलायचं तर नाहीच, नुसती अक्षरं. मी तर कानानं शिकणारी.

दीर परत गेले. मशीन खोक्यासकट शोकेसमध्ये, डोक्यावर क्रोशाचा रुमाल. महिना फुकट गेलेला. शेवटी धीर करून सासूबाईंना सांगितलं, की हे देऊन मी दुसरं आणते. वाटलं, आता माझी वाट लागली. त्यांनी खोक्यावरचा रुमाल सरळ केला.

“खोको थंयच ठेव,” म्हणाल्या. “कोण उघडून बघतलो?”

स्टेशनजवळ बाहेरचा माल विकणारा एक जण होता. मशीन घेऊन त्याबदल्यात प्लेअर द्यायला तो तयार झाला. लगेच गाणं लावलं. “ऐका ताई, आवाज झकास आहे.”

“गाणं राहू दे. मागचं झाकण उघड.”

“झाकण उघडून कोण घेतं, ताई?”

मी घेते. पहिल्याच्या पोटात सोल्डरचा गोळाच होता, कुणीतरी जेवणाच्या सुट्टीआधी उरकलेला. दुसऱ्यात तार ताणलेली, महिन्यात तुटली असती. डोळ्यांना सगळं कुठलं दिसायला, नखानं चाचपून बघत होते. तिसरा बरा निघाला. मग त्याचं रिवाइंडचं बटण मी तीस वेळा दाबलं. पंधराव्याला त्यानं मला स्टूल दिलं.

पुढचे दोन महिने बसमधल्या लोकांनी मला वेडी ठरवलं. साकीनाक्यापर्यंत एक वाक्य पुटपुटायचे, पुढे दुसरं.

परीक्षेला आम्ही दोघीच. दुसरी ऑफिसातली पदवीधर मुलगी, पुस्तकातून शिकलेली. तिनं साहेबांचं स्वागत केलं, हवेबद्दल बोलली, फार गोड बोलली. मग साहेबांनी तिच्या हातात तारांची एक पट्टी ठेवली. ती म्हणाली, सुंदर आहे. तीच पट्टी माझ्याकडे आली. मी डोळे फाडून बघितलं. सगळं धुरकट. म्हटलं झालं, आता घरी. मग तारांवरून हळूच नख फिरवत गेले. चौथी तार हलली.

“कोरे, दामे. कोको,” मी म्हटलं. हे खराब, इथे.

साहेब खुर्चीतून पुढे झुकले. “मोऊ इचिदो.” पुन्हा म्हण. कॅसेटमध्ये हे तर मी हजारदा ऐकलेलं. पुन्हा म्हटलं.

सोमवारी मला भिंगावरून उठवलं. साहेब माझ्या शेजारी उभे राहून बराच वेळ बायकांचं काम बघत राहिले, मग मला एक वाक्य म्हणाले. एकोणचाळीस जणी माना वर करून माझ्याकडे बघायला लागल्या. माझं पहिलं भाषांतर ते.

मी सांगितलं, “साहेब म्हणतात, काम करताना बोलायचं नाही.”

“तू तर बोलतेयस ना गं,” मागून एक जण म्हणाली.

“माझं तेच काम आहे आता,” मी म्हटलं.