चुंबक ओढतं तोवर

वस्तीत त्याला सगळे चुंबकआबा म्हणत. पाण्याच्या शेडमधल्या लोखंडी खुर्चीला चिकटून बसायचा म्हणून, आणि खऱ्याखुऱ्या चुंबकाचा कारभारी होता म्हणूनही. जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्याने वस्तीच्या विहिरीत शिसं उतरवलं होतं. मालक हात झटकून केव्हाच निघून गेला, शिसं तेवढं मागे राहिलं. मग एका संस्थेने ही शेड उभी केली. विहिरीचं पाणी टाकीत घ्यायचं, त्यात काळी भुकटी टाकून तासभर ढवळायचं. भुकटीच्या कणावरचा लेप शिसं धरून ठेवतो आणि आतला गाभा लोखंडाचा, त्यामुळे मोठं चुंबक लावलं की शिशासकट सगळी भुकटी कडेला. मग ती आम्लाने धुवायची आणि पुन्हा वापरायची.

"चुंबकाने ओढली की झालं काम," पहिल्याच दिवशी संस्थेचा इंजिनियर म्हणाला होता. त्याला म्हणायचं होतं, भुकटी पाण्यातून निघाली. आबाने ती भुकटी पारखायची खूण समजली. बारा धुण्यांनंतर भुकटी बदला, हेही इंजिनियरने बजावलं होतं. पण पुढे संस्थेचे पैसे आटले, इंजिनियर यायचा थांबला, भुकटीची नवी पिंपंही आली नाहीत.

आबा काही हातपाय गाळणारा नव्हता. त्याने तीच भुकटी वीसदा धुतली, चाळीसदा धुतली, आणि येईल त्याला दाखवत राहिला, "बघा, नवीपेक्षा चपळ झालीय." झाली होतीच. आम्लाने लेप खाऊन टाकला होता. उरलं नुसतं लोखंड, ते चुंबकाकडे धावणारच. शिशाशी त्याचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. पाणी मात्र नितळ दिसायचं, आणि नितळ पाण्यावर कोण संशय घेतो?

संशय एकटी त्याची लेक घ्यायची. नवरा कामासाठी दूर गेलेला, म्हणून ती लहान मुलीला घेऊन बापाकडेच राहत होती आणि पिण्याचं पाणी टेकडीपलीकडच्या झऱ्यावरून आणत होती. आबाला ते फार झोंबलं. "अख्खी वस्ती माझ्या हातचं पिते, आणि घरची लेक टेकडी चढते. तोंड दाखवायला जागा ठेव की." दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी लेकीने कळशी शेडच्या नळाखाली लावली. माणसाने कामाचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो पोराबाळांना पाजू नये. हे मी आज म्हणतो. तेव्हा आबाला कोणी म्हटलं नाही.

दीड वर्षात नात सुकली. सारखं पोट दुखायचं. चार वर्षांची झाली तरी बोलणं वाढेना, उलट येत असलेले शब्दसुद्धा विसरायला लागली. शेवटी लेकीने तिला दवाखान्यात नेलं, आबा बरोबर गेला. रक्ताचा कागद वाचून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"शिसं आहे, भरपूर. पाणी कुठलं पिता?"

लेकीने बापाकडे पाहिलंही नाही. "झऱ्याचं. टेकडीपलीकडून आणते."

"तिथलं तर स्वच्छ आहे," बाई गोंधळल्या. "मग खेळण्यातून, रंगातून आलं असेल. घरात शोधा."

लेक आपल्याला वाचवतेय, हे आबाला कळलं. गप्प बसलं तर निभावलं असतं. त्याने तोंड उघडलं तेव्हा आवाज दुसऱ्याच कोणाचा वाटला.

"झऱ्याचं नाही. माझ्या टाकीचं. मी भुकटी टाकून काढतो त्यातलं शिसं. काढतो असं वाटत होतं."

"बाबा, राहू द्या," लेक म्हणाली.

"ती भुकटी शेवटची कधी बदलली?" बाईंनी विचारलं.

"चुंबक ओढत होतं," आबा म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला उमगलं. चुंबक लोखंड ओढतं, शिसं नाही.

बाईंनी कागद ओढला. "वस्तीत लहान मुलं किती? घरांप्रमाणे सांगा. बरी होतात का मग विचारा, सगळं भरून येत नाही. पण पाणी आज थांबवायचं."

आबा सांगू लागला. वस्तीतलं एकूण एक पोर त्याला ठाऊक होतं, सगळी त्याच्याच नळावर ओंजळ धरायची. पहिल्या घरी दोन, पुढे एक, कोपऱ्यावरच्या घरी जुळी. बाई लिहीत गेल्या. विहिरीलगतच्या घरापाशी तो अडखळला.

"तिथं आहे का कोणी?"

"अडीच महिन्यांचं आहे. आईला दूध नाही, डब्यातली पावडर कालवून पाजतात. पाणी चालेल का, म्हणून विचारायला आली होती ती."

"मग?"

"उकळायचीही गरज नाही म्हणालो."