दत्तू फिटरचा हात

दत्तू फिटर आधी गाडीवाल्याच्या कानाखाली वाजवायचा आणि मग बॉनेट उघडायचा. पिंपरी पेंढारला हायवेला लागून त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. गाडी आत घेतली की कमरेवर हात ठेवून विचारायचा, "हिला काय केलंस?" समोरचा "काय न्हाई केलं, आपोआप बंद पडली" म्हणाला की फटका ठरलेला. मारून झालं की स्वतःच चहा मागवायचा. "मारलं म्हंजी आपला मानला," हे त्याचं नेहमीचं बोलणं. "परक्याला कशाला मारू? परका खड्ड्यात गेला तरी माझं काय जातंय?"

हे कौतुकाने सांगण्यासारखं नाही, हे मला कळतं. दत्तू गेला म्हणून त्याला साधुसंत करायची माझी इच्छा नाही. एका डंपरवाल्याच्या कानाचा पडदा त्याने फाडला होता. सख्ख्या मेव्हण्याला जॅकच्या दांड्याने असं बडवलं होतं की बायको त्याच पायी माहेरी निघून गेली आणि पुन्हा आली नाही. गंजलेला बोल्ट निघाला नाही की हातोडा भिरकावायचा. गॅरेजच्या पत्र्याला जागोजागी पोचे आले होते. आणि तरीही जुन्नर-आंबेगावचे निम्मे पिकअपवाले गाल चोळत त्याच्याकडेच जात, कारण त्याच्या हातून गेलेली गाडी रस्त्यात दगा देत नसे.

मला मात्र त्याने कधी बोटही लावलं नाही. आमचं गाव महाळुंगे पडवळ. पिकअप घरची असली तरी चालवायचा माझा थोरला भाऊ रामदास. मी पतसंस्थेत कारकून, इस्त्रीच्या कपड्यातला. दत्तू दादाला "ये रं रामदाश्या, मुडद्या" म्हणायचा आणि मला "या पावणं, बसा." बसायला स्टूलसुद्धा पुसून द्यायचा. खरं सांगतो, मला ते लागायचं.

दादाचा जीव बैलांत. शर्यतीची जोडी होती आमची, पाखऱ्या आणि हौश्या. यात्रा आली की बैल पिकअपमधून घाटाकडे, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीकडे न्यायचे. त्या वर्षी यात्रा तोंडावर आली आणि घाटघरच्या चढाला पिकअपचं इंजिन जाम झालं. दत्तूने भंगारात निघालेल्या एका जीपचं इंजिन गिअरबॉक्ससकट आणून आमच्या गाडीत बसवलं. इंजिन वाघासारखं बोलायला लागलं. क्लच मात्र लागेना. पेडल तळाला जायचं आणि गिअर टाकला की कर्रकर्र आवाज यायचा.

दत्तूने पेडलखालचा मास्टर सिलिंडर खोलला, त्यातली रबरं बदलली आणि पाइपातली हवा काढायला बसला. हे काम दोघांचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निपल ढिला करून हवा सोडायची. खालून दत्तूचा आवाज यायचा, "दाब. धर. सोड म्हणल्याबिगर सोडशील तर पाय मोडीन." दादा पेडल मारून घामाघूम झाला. पेडल वर यायचं, कडक लागायचं, आणि दाबून धरलं की हळूहळू पायाखाली बसत जायचं. दत्तूने नवा कोरा मास्टर बसवला. तरी तेच. तो त्याने उपटून रस्त्यावर फेकला आणि हातोड्याने गाडीच्या बंपरवर असे घाव घातले की शेजारचा चहावाला भांडी आवरून आत गेला.

मग तो पुन्हा गाडीखाली आडवा पडला आणि एकेक पाइप बोटाने चाचपत गेला. बाहेर आला तेव्हा हसत होता. जीपच्या गिअरबॉक्सवरचा खालचा सिलिंडर आमच्या गाडीत उलटा बसला होता. निपल खाली आणि पाइप वर. हवा वरच अडकून राहायची, खालून नुसतं ऑइल गळायचं. त्याने सिलिंडर सोडवून हातात धरला, निपल आभाळाकडे केला आणि हवा काढली. पेडल बरंच सुधारलं. पण सगळं नाही. परत बसवलेला आमचा जुना मास्टर त्या जीपच्या सिलिंडरला लहान पडत होता. त्याचं रबर जोर सोसत नव्हतं, पेडल धरून ठेवलं की ऑइल मागे सरकून क्लच आपोआप सुटायचा.

"मोठा मास्टर आणावा लागंल," दत्तू म्हणाला. "दोन दिस गाडी हितंच राहू दे."

"उद्या यात्रा हाये," दादा म्हणाला. "चिठ्ठीत नंबर लागून आमची पळायची बारी निघालीय. गाडी चालतीय ना?"

"चालतीय. पन क्लच दाबून धरला की गाडी गिअरमदी उडी मारंल. तुमी बैल कसं भरता ते मला ठाव हाये."

आमच्याकडे बैल भरायची रीत अशी. मळ्यातल्या दगडी बांधाला गाडी उलटी घ्यायची. मागे माणूस उभा राहील एवढी फट ठेवायची. एकाने त्या फटीत उतरून हौद्याचा फाळका पाडायचा आणि बाजूला व्हायचं. मग ड्रायव्हरने गाडी हळूच मागे रेटून फाळका बांधावर टेकवायचा, की बैल चालत आत. तोवर ड्रायव्हर रिव्हर्स गिअर टाकून क्लच दाबून बसलेला असतो. न्यूट्रल करायचा आळस. सगळे असंच करतात, म्हणून असंच.

दादाने किल्ली उचलली. दत्तूने सणसणीत चपराक दिली. नेहमीसारखीच, पण त्या दिवशी यात्रेला जाणारी आमच्या भावकीतली पोरं दारात उभी होती. बारी निघालेल्या गाडामालकाला चारचौघांत मार. दादाने खाली पडलेला व्हीलपाना उचलला आणि दत्तूच्या कपाळावर घातला. कातडं फाटून रक्त डोळ्यात आलं. पोरांनी मग त्याला जमिनीवर पाडून लाथांनी तुडवलं. दत्तूला आजवर कुणी उलटून मारलेलं नव्हतं. त्याने हात उचलला नाही, नुसता दादाकडे बघत राहिला. मी मध्ये पडलो आणि माझ्या शर्टाची बाही फाटली. तोवर दादा गाडी घेऊन निघाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात बैलांना गुलाल लावला. दादाने गाडी बांधाला उलटी घेतली. फाळका पाडायला मी फटीत उतरलो. कडी घट्ट बसली होती, ती निघेना. तेवढ्यात बांधावरून आरडाओरडा झाला. दत्तू मोटरसायकलवरून आला होता. डोक्याला फडकं बांधलेलं, त्यातून रक्त पाझरलेलं, हँडलला एक पिशवी. सगळ्यांना वाटलं, हा बदला घ्यायला आलाय. पोरांनी बैलांच्या काठ्या सरसावल्या.

दत्तूने दादाकडे पाहिलंही नाही. इंजिनचा आवाज खाली बसला होता, क्लच धरायला लागला की बसतो तसा. आम्हाला कुणाला तो बदल ऐकू आला नाही, दत्तूला आला. तो पळत येऊन फटीत घुसला, माझी कॉलर धरली आणि तोंडावर असा ठोसा मारला की मी पलीकडे जाऊन पडलो. दात तुटून जिभेवर आला. वरून कुणीतरी दत्तूच्या पाठीत काठी घातली. तो गुडघ्यावर आला, आणि त्याच क्षणी गाडी उडी मारून मागे आली.

त्याचा डावा पाय दगड आणि लोखंडाच्या मध्ये होता. तो आवाज मी इथे लिहीत नाही. बैल दावी तोडून उधळले. दादा दार उघडून खाली पडला, आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिला, "पेडल माझ्या पायाखालीच व्हतं. तळाला व्हतं. म्या सोडलं न्हाई." मोटरसायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीत मोठा मास्टर सिलिंडर होता. तसल्या फुटलेल्या डोक्याने तो भल्या सकाळी दुकान उघडायला लावून घेऊन आला होता.

दत्तूचा पाय गुडघ्यावर कापावा लागला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो डोळे मिटून पडला होता. डोळे उघडून, माझं सुजलेलं तोंड पाहून म्हणाला, "दात पडला व्हय रं, मुडद्या? बस की." स्टूल पुसायला तिथे कुणी नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडलो.

तो परत गॅरेजमध्ये बसायला लागला. सरपटत गाडीखाली जायचा, पाने तसेच फेकायचा आणि पोहोचतील त्यांना मारायचाही. मला तर दर भेटीत एक बसायची. दादाने पाखऱ्या-हौश्या विकले आणि रोज पिंपरी पेंढारला जायला लागला. दत्तूसाठी पेडल दाबणं, हे त्याने आपलं काम करून टाकलं. दत्तूने त्याला नको म्हटलं नाही. शिवीही दिली नाही.

एकदा मी तिथेच होतो. दत्तू गाडीखाली, दादा सीटवर. "थांबा," दत्तू खालून म्हणाला. दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि होता नव्हता तो जोर लावून पेडल दाबलं. उघड्या निपलातून ऑइलची चिळकांडी दत्तूच्या तोंडावर उडाली. ते ऑइल डोळ्यांना आगीसारखं झोंबतं. दत्तू बाहेर आला, दरवाजाला धरून एका पायावर उभा राहिला. गॅरेजातले सगळे थांबले. दादा सीटवरून उतरला आणि मान थोडी पुढे करून गाल त्याच्यासमोर धरला. त्याने ते मुद्दाम केलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

दत्तूने खिशातलं फडकं काढून डोळे पुसले. मग तेच फडकं उलटं करून स्वतःच्या तोंडावरून सीटवर पडलेला थेंब पुसला.

"बसा, पावणं," तो म्हणाला. "परत एकदा दाबा."

दादा बसला. त्याने पेडल दाबलं आणि दत्तू सोडा म्हणेपर्यंत धरून ठेवलं.