दानपत्राचं वाचन

ग्वास्ताल्ला गावात नोटरी बेनातीबाईंच्या कचेरीत इवानोए कारकून होता, पण लोक त्याला ओळखत ते त्याच्या आवाजामुळे. तरुणपणी त्याने गावच्या रंगमंचावर राजे उभे केले होते, बाप उभे केले होते. मंच बंद पडला, आवाज उरला. सह्यांआधी दस्त सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावाच लागतो. ते काम बाई त्याच्यावर सोपवत. कोर्टाच्या निकालपत्रांत सगळा भूतकाळ: त्यांतली माणसं कायम काहीतरी मागत होती, सांगत होती, नाकारत होती. इवानोएला तो सूर रडका वाटे. नोटरीच्या दस्तात मात्र सगळा वर्तमानकाळ: अमुक हजर होतो, देतो, तमुक स्वीकारते. वाचता वाचता ते समोर घडतंय असं वाटे. तिथे तो खुलायचा.

त्या मार्चमध्ये इवानोएचा मित्र दिओमीरो याने बाईंना आणि त्याला घरी बोलावलं. वीस वर्षं दिओमीरो आणि झायरा लग्नावाचून एकत्र राहत होते. घर एकट्या त्याच्या नावावर, आणि ते त्याला झायराला दान करायचं होतं. त्याची छाती आता थकली होती. दानपत्रावर त्याची सही राहिली असती तर घर कधीही न फिरकणाऱ्या पुतण्याकडे जाणार होतं. पलंगाभोवती बाई, दोन साक्षीदार आणि झायरा उभे राहिले.

बाईंनी हळूच बजावलं, साधंच वाच. दिओमीरो हसला. "इवानोए, राजा होऊ नकोस रे. मला झोप लागेल."

इवानोएला ती दाद वाटली. मित्राचा दस्त, तो रटाळ कसा वाचायचा? त्याने प्रत्येक नावाला वजन दिलं. बागेच्या सीमा सांगताना हात फिरवला, चेरीच्या झाडापाशी रेंगाळला. "दिओमीरो देतो," तो म्हणाला आणि जुन्या सवयीने श्वासभर थांबला. "झायरा स्वीकारते."

दिओमीरोचे डोळे मिटले होते. तो ऐकतोय असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनी पेन पुढे केलं, तेव्हा ते घ्यायला हात उठला नाही.

वाचन पुरं झालं होतं. सही तेवढी नव्हती, आणि सहीवाचून त्या कागदाला काही किंमत नव्हती.

तेव्हापासून दस्त बाई स्वतःच वाचू लागल्या, भराभरा. मे महिन्यात पुतण्याने किल्ल्या मागितल्या. इवानोए झायराचं सामान बांधायला गेला. दुपारभर त्याने खोकी उचलली. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "मी घाईने वाचलं असतं तर..."

ताटल्या गुंडाळणारे झायराचे हात थांबले नाहीत. "तर घर राहिलं असतं," ती म्हणाली. "पण तू वाचत होतास ना, तेव्हा तो माझा हात दाबत होता. किती वेळ दाबत होता."

मग तिने पुढचं खोकं त्याच्याकडे सरकवलं.